लातूरचा रविवारचा वर्ग: प्राचीन ग्रीकांचं प्रेम, लग्न आणि कायदा

लातुरात क्लास म्हटलं की नीट, जेईई आणि दहावीचा टक्का. त्याच लातुरात औसा रोडच्या एका गल्लीत, दुकानांच्या वरच्या मजल्यावर, रविवारी दुपारी प्राचीन ग्रीक समाजातल्या लैंगिकतेचा इतिहास शिकवतात, हे एका माजी विद्यार्थिनीनं मला कळवलं. मी अंबाजोगाईला पदवीच्या मुलांना इतिहास शिकवते. आमच्या वर्गात ग्रीस येतो तो पेरिक्लिस, सॉक्रेटिसचा विषाचा पेला आणि अलेक्झांडरची स्वारी एवढ्यापुरता. लग्न कुणाशी लागायचं, कोण कुणावर प्रेम करू शकायचं, कुणाच्या शरीरावर कुणाची मालकी होती, हे प्रश्न आले की आम्ही शिक्षक पान उलटतो. मुलं मग तेच मोबाइलवर शोधतात आणि नको ते वाचून येतात. म्हणून वर्गातल्या सहा-सात जणांना घेऊन मी स्वतःच नाव नोंदवलं.

आधी व्यवहाराचं सांगते. वर्ग दोन महिने चालतो, दर रविवारी दोन ते पाच. फी अठराशे, कॉलेजचं ओळखपत्र दाखवलं की हजार. अठरा पूर्ण असल्याशिवाय घेत नाहीत आणि आधार कार्ड खरोखर बघतात. चालवणारं जोडपं निवृत्त प्राध्यापकांचं आहे. कायदा आणि राजकारण सर घेतात, कविता आणि मडक्यांवरची चित्रं मॅडम. मधल्या सुट्टीत चहा आणि सुशीला (फोडणीचे भिजवलेले चुरमुरे) मिळते, ती फीमध्येच. घरी बोंब होऊ नये म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांच्या पालकांना आधी फोन करून विषय काय आहे ते सांगितलं होतं. एका वडिलांनी विचारलं, "परीक्षेला येतंय का हे?" नाही म्हटल्यावर थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "तुम्ही संगं आहात ना, जाऊ द्या."

सुरुवात प्लेटोच्या 'सिम्पोझियम' या संवादापासून होते. इ.स.पू. ४१६मध्ये अ‍ॅगाथॉन नावाच्या तरुण नाटककाराला शोकान्तिकेचं बक्षीस मिळालं, त्याच्या घरच्या मैफलीची ही गोष्ट. आदल्या रात्रीच्या पिण्यानं सगळे जड झालेले, म्हणून बासरी वाजवणारीला आत पाठवून देतात आणि पाळीपाळीनं प्रेमदेवतेची स्तुती करायची ठरते. सर भाषण करत नाहीत. उतारा हातात देतात आणि मुलांना मोठ्यानं वाचायला लावतात. अ‍ॅरिस्टोफेनिसच्या तोंडची गोष्ट रेणापूरच्या एका मुलानं वाचली: माणसं मुळात गोल होती, चार हात, चार पाय, दोन तोंडं. जाती तीन. पुरुष-पुरुष सूर्याची लेकरं, स्त्री-स्त्री पृथ्वीची, दोन्ही मिळून झालेली चंद्राची. माजली म्हणून झ्यूसनं त्यांचे दोन तुकडे केले, तेव्हापासून जो तो आपला अर्धा शोधत फिरतो. वाचता वाचता तो मुलगा थांबला आणि म्हणाला, "सर, म्हणजे पोरावर जीव लावणारा पोरगा या गोष्टीत मूळचाच आहे की. मागून घुसडलेला नाही." मागं दोन-चार जण हसले. सरांनी त्या हसण्याकडे लक्षच दिलं नाही. "बरोबर पकडलंस," म्हणाले, "पण हे बोलतोय कोण? विनोदी नाटकं लिहिणारा. आणि त्याच्या तोंडी घालतोय कोण? प्लेटो. ही अथेन्सची रीत होती असं यावरून म्हणता येईल का?" एक गोष्ट वाचून लगेच 'ग्रीक लोक असे होते' असं ठोकून देण्याची आमच्या मुलांची सवय त्या दिवशी पहिल्यांदा हलली.

दुसऱ्या आठवड्यापासून रीत कळायला लागते, आणि ती गोड नाही. अथेन्सचा पुढारी एस्किनीज यानं टिमार्कस या दुसऱ्या पुढाऱ्यावर इ.स.पू. ३४६-४५मध्ये भरलेला खटला दोन रविवार चालतो. ज्या नागरिकानं पैशासाठी शरीर विकलं असेल त्यानं नागरिकांच्या सभेत बोलायचं नाही, पद घ्यायचं नाही, असा कायदा होता. टिमार्कस हरला आणि राजकारणातून उठला. पण आरोप पुरुषावर प्रेम केल्याचा नव्हताच. एस्किनीज त्याच भाषणात सांगतो की आपणही प्रेमात पडलो, कविता केल्या, त्यापायी भांडणं ओढवून घेतली. नागरिकानं स्वतःला विकणं, दुसऱ्याच्या ताब्यात जाणं, हे त्यांना खुपत होतं. गुलामाला आणि परक्याला ही अब्रू मुळातच नव्हती, त्यामुळे तिथं प्रश्नच उठत नव्हता. याच भाषणात शाळांचा कायदाही आहे: सूर्योदयाआधी शाळा उघडायची नाही, सूर्यास्ताआधी बंद झाली पाहिजे. अंधारात कुणी पोरांना एकटं गाठू नये म्हणून, हे वर्गातल्या मुलांनीच ओळखलं.

इथं सरांनी जे केलं त्यासाठी मी त्यांना मनापासून मानते. अथेन्सच्या श्रीमंत घरांत प्रौढ पुरुष आणि कोवळा मुलगा यांच्या नात्याला जी प्रतिष्ठा होती, तिच्याबद्दल ते सरळ बोलले. त्यात भेटवस्तू होत्या, नियम होते, कविता होत्या, सगळं होतं. आणि एका बाजूला वय, पैसा, वजन असलेला माणूस होता आणि दुसऱ्या बाजूला मूल. "त्यांना काय वाटत होतं ते आपण समजून घ्यायचं. त्याला छान म्हणायची सक्ती आपल्यावर नाही," असं ते म्हणाले. कुणीतरी लगेच कलम ३७७चा विषय काढला. ६ सप्टेंबर २०१८च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी सज्ञान माणसांचे राजीखुशीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले, ते घटनेतल्या समानतेच्या, प्रतिष्ठेच्या आणि खासगी आयुष्याच्या हक्कावर. त्यासाठी अथेन्सची साक्ष लागली नाही आणि लागतही नाही, हे सरांनी दोन्ही गोष्टी अलग ठेवून समजावलं. माझ्या एका विद्यार्थ्यानं परतीच्या एसटीत, खिडकीबाहेर बघत, मला याबद्दल बरंच काही विचारलं. काय ते मी इथं लिहिणार नाही. पण तो प्रश्न विचारायला त्याला जागा मिळाली ती या वर्गामुळे.

या वर्गाचं खरं वैभव मात्र निआयराचा खटला. इ.स.पू. ३४०च्या सुमाराचं हे भाषण अथेन्सचा नामांकित वक्ता डेमोस्थेनिस याच्या भाषणांत जपलं गेलं, पण केलेलं आहे फिर्यादीच्या बाजूच्या अपोलोडोरसनं. निआयराला लहानपणीच कॉरिंथच्या निकारेटे नावाच्या बाईनं विकत घेतलं, आपलीच मुलगी म्हणून वाढवलं आणि धंद्याला लावलं. पुढं दोन पुरुषांनी मिळून तिला ३० मिना देऊन घेतलं. म्हणजे ३००० द्राख्मा, कारागिराची रोजची मजुरी दीड-दोन द्राख्मा असताना. त्यांची लग्नं ठरली तेव्हा २० मिनांवर तिनं स्वतःला सोडवून घेतलं, पैसे इकडून तिकडून जमवून. नंतर अथेन्सच्या स्टेफॅनसबरोबर राहिली. इ.स.पू. ४५१च्या पेरिक्लिसच्या कायद्यापासून नागरिक व्हायचं तर आई आणि बाप दोघंही अथेन्सचे लागत. परकी बाई नागरिकाची बायको म्हणून राहते असं सिद्ध झालं तर तिला गुलाम म्हणून विकायचं आणि नवऱ्याला १००० द्राख्मा दंड. अपोलोडोरसला खरा राग स्टेफॅनसचा. जुना हिशोब चुकवायचा होता, आणि तो ते लपवतही नाही. पणाला लागली ती बाई.

शेवटच्या रविवारी हा खटला मुलांनी उभा करायचा असतो. भाषणाचं सरांनी केलेलं मराठी रूप, दोन्ही बाजूंना वक्ते, बाकी सगळे ज्यूरी. अथेन्समध्ये अशा खटल्याला ५०१ ज्यूरी बसत, इथं आम्ही तिशीच्या आत-बाहेर. पाण्याच्या घड्याळासाठी बाटलीला भोक पाडून ती बादलीवर टांगली होती. पाणी संपलं की बोलणं बंद. ग्रीक ज्यूरीला मतासाठी काशाच्या दोन चकत्या मिळत, मधला दांडा एकीचा पोकळ, एकीचा भरीव. पोकळ म्हणजे दोषी. दांड्याची टोकं बोटांत दाबून धरली की कोणती टाकली ते शेजाऱ्याला कळत नसे. मॅडमनी त्यासाठी चिंचोके आणले होते, अख्खे आणि फोडलेले. चिमटीत धरायचे आणि पितळी तांब्यात सोडायचे. माझ्या वर्गातली केजकडची एक मुलगी, जी कॉलेजात हजेरीपलीकडे तोंड उघडत नाही, आरोपीच्या बाजूनं उभी राहिली. तिनं पहिलंच वाक्य टाकलं: "या बाईवर एवढं लांब भाषण झालं, पण त्यात ती स्वतः कुठं बोलली?" खरंच आहे. अथेन्सच्या न्यायालयात बाईला साक्ष द्यायची सोय नव्हती. तिच्यासमोर तिच्या अंगाचा, तिच्या गिऱ्हाइकांचा, तिच्या मुलांच्या बापांचा हिशोब मांडला जातो. रखेली, गणिका आणि बायको यांची कामं अपोलोडोरस वाटून देतो, गणिका सुखासाठी, रखेली रोजच्या देखभालीसाठी, बायको औरस मुलं आणि घर सांभाळायला, ते वाक्य पलीकडच्या मुलानं ठासून वाचलं, तेव्हा तिनं चिंचोका मुठीत इतका आवळला की बोटं पांढरी झाली. मतं मोजली, निआयरा थोडक्यात सुटली. मग कुणीतरी विचारलं, खरा निकाल काय लागला? तो आपल्यापर्यंत पोचलेलाच नाही. वर्गात एकदम गलका झाला. मुलं चिडली होती, इतिहासावर चिडली होती. मला अशी चिडलेली मुलं हवी आहेत.

लग्नाचा आठवडाही असाच अंगावर येतो. झेनोफनच्या 'इकोनॉमिकस' या घरकारभारावरच्या ग्रंथात इस्कोमॅकस नावाचा घरमालक सांगतो की बायको घरात आली तेव्हा पंधराचीही नव्हती, आणि तोवर तिला कमीत कमी दिसावं, कमीत कमी ऐकू यावं, कमीत कमी विचारावं अशी काळजी घेतली गेली होती. आमच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतून किती मुलींची लग्नं शाळेतच उरकतात, हे आम्हा शिक्षकांना हजेरीपटावरून कळतं. त्या तीन तासांत तिथल्या मुली टिपणं घेत नव्हत्या, नुसत्या ऐकत होत्या. मॅडमनी कुणालाही 'तुझं काय मत' म्हणून उभं केलं नाही, याबद्दल त्यांचे आभार.

थीब्ज या ग्रीक शहराच्या पवित्र पथकाचा भाग ठीक. प्रेमी जोडप्यांचे म्हणतात ते ३०० सैनिक, इ.स.पू. ३३८मध्ये कायरोनियाच्या लढाईत अलेक्झांडरचा बाप फिलिप याच्यासमोर पडलेले, तिथला दगडी सिंह, त्याच्याखाली ओळीनं सापडलेले २५४ सांगाडे. हे सांगणारा चरित्रकार प्लुटार्क त्यानंतर चारशे वर्षांनी लिहितो एवढं सांगून सर पुढं गेले.

आता जे जमत नाही ते. मडक्यांवरच्या चित्रांचा तास वाया जातो, कारण चित्रं काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर देतात. काळ्या आकृतीची पद्धत आणि इ.स.पू. ५२५च्या आसपास सुरू झालेली लाल आकृतीची पद्धत यांतला फरक त्या कागदावर दिसणार कसा? इटलीत पेस्टमला १९६८मध्ये सापडलेल्या सूर मारणाऱ्याच्या थडग्याची चित्रं तर रंगासाठीच बघायची. पेल्यातला मद्याचा गाळ नेम धरून उडवण्याचा खेळ खेळणारे, एकमेकांकडे झुकलेले पाहुणे आमच्या कागदावर नुसते डाग झाले होते. मॅडमचा मुद्दा मोलाचा होता: अथेन्सचे असे पेले मोठ्या संख्येनं इटलीतल्या एट्रुस्कन लोकांच्या थडग्यांत सापडले, मग चित्रं आवड कुणाची दाखवतात, करणाऱ्याची की विकत घेणाऱ्याची? पण चित्रच दिसत नसेल तर मूल काय उत्तर देणार? हजार रुपये फी घेताय, चार रंगीत पानं द्या.

सॅफोवर अन्याय झालाय. इ.स.पू. ६००च्या सुमाराची लेस्बॉस बेटाची ही कवयित्री, तिची अख्खी कविता एकच उरली, बाकी तुकडे, त्यातले कित्येक इजिप्तच्या ऑक्सिरिंकसच्या उकिरड्यातल्या पपायरसवर मिळाले. एवढ्या बाईला एकच तास, तोही सगळे दमल्यावर, आणि उतारे इंग्रजीत. आवडत्या मुलीला दुसऱ्या कुणाशी हसून बोलताना बघून होणारी तडफड सांगणारी ती कविता आमच्या एका विद्यार्थिनीनं घरी जाऊन आपल्या बोलीत उतरवली: जीभ वळंना झालीय, कातडीखाली आग पळायलीय, डोळ्याला दिसंना, कानात घुमायलंय, अंग घामानं भिजलंय, गवतावून जास्ती उतरलाय माझा रंग. ही वही मॅडमनी पुढच्या तुकडीला वाचून दाखवावी, अशी मी त्यांना विनंती केली आहे.

आणखी एक रुखरुख. पेरिप्लस या जुन्या ग्रीक सागरी व्यापाराच्या वर्णनात पैठण आणि तगर, म्हणजे आपलं तेर, दोन्हींचं नाव आहे. तेरच्या संग्रहालयातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पॉम्पेईला १९३८मध्ये सापडलेल्या मूर्तीशी मिळतीजुळती. सातवाहन राजा हाल याच्या गाथा सप्तशती या प्राकृत कवितासंग्रहात गोदाकाठच्या बाया आपल्या ओढीबद्दल स्वतःच्या तोंडानं बोलतात. लातूरहून तेर किती लांब? या वर्गात त्याचा उल्लेखही नाही. ग्रीक आणि आपण सारखेच होतो असं कुणी म्हणू नये, पण निआयराला बोलता येत नाही तिथं गाथेतली बाई बोलते, आणि तेही पुरुषांनी रचलेल्या-निवडलेल्या बऱ्याच गाथांतून, यावर एक रविवार सहज निघाला असता.

जिना अरुंद आहे, गुडघे दुखत असतील तर जपून. मुलींसाठी स्वच्छतागृह आहे आणि खरंच स्वच्छ आहे. पुढची तुकडी दिवाळीनंतर. कॉलेजच्या शिक्षकांनी मुलांना नुसतं पाठवू नये, सोबत बसावं, कारण परतीच्या वाटेवर प्रश्न त्यांनाच येणार आहेत. बीड-परळीकडून येणाऱ्यांनी नाव नोंदवतानाच बसची वेळ सांगून ठेवावी. शेवटच्या रविवारी मात्र लातुरात मुक्कामाची सोय करूनच जावं. खटला सातपर्यंत लांबतो आणि निम्म्यातून उठणं कुणालाच जमत नाही.