स्टार्टर किटचे सामान उत्तम, पण ॲरेत शोध घेण्याचे प्रकरण नवशिक्याला अडकवणारे

गेले दोन महिने मी मायक्रोकंट्रोलर (प्रोग्राम घालून चालवायची छोटी संगणक-चिप) शिकण्यासाठी एक स्टार्टर किट वापरत आहे. त्यात आर्डुइनो ऊनोच्या धर्तीचा बोर्ड, ब्रेडबोर्ड, एलईडी, पुशबटणे, रेझिस्टर, जोडतारा आणि एक छापील पुस्तिका आहे. सामानाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तारा घट्ट बसतात आणि संगणकाने बोर्ड पहिल्याच जोडणीत ओळखला. पुस्तिकेतील ॲरेच्या, म्हणजे एकाच नावाखाली ओळीने मांडलेल्या आकड्यांच्या घरांच्या, प्रकरणाबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण हे किट ‘पूर्वज्ञानाची गरज नाही’ असे सांगून विकले जाते आणि पूर्वज्ञान नसलेला माणूस नेमका याच प्रकरणात अडकतो.

उदाहरण साधे आहे. दहा पूर्णांकांचा एक ॲरे आहे. सिरियल मॉनिटरवरून, म्हणजे बोर्डाशी मजकुराची देवाणघेवाण करणाऱ्या संगणकावरच्या खिडकीतून, एक आकडा पाठवायचा आणि तो ॲरेत आहे की नाही, हे फॉर लूपने, म्हणजे एकेक घर पाहत जाणाऱ्या फेऱ्यांनी, शोधायचे. मी तिसऱ्या घरात असलेला ४५ हा आकडा पाठवला, तेव्हा पडद्यावर दोनदा ‘सापडला नाही’, मग एकदा ‘सापडला’ आणि त्यानंतर सात वेळा पुन्हा ‘सापडला नाही’ असे उमटले. पुस्तिकेने इफ (‘जुळले तर’) आणि एल्स (‘नाहीतर’) हे दोन्ही लूपच्या आतच लिहिलेले असल्यामुळे प्रत्येक घर स्वतःपुरते उत्तर देत होते. आकडा ‘आहे’ हे एका घरावरून ठरते, पण ‘नाही’ हे सगळी घरे पाहून झाल्याशिवाय ठरत नाही, ही या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुस्तिकेत कुठेही सांगितलेली नाही. लूपच्या आधी एका व्हेरिएबलमध्ये (किंमत साठवायच्या जागेत) उणे एक ठेवावा, आकडा जुळताच त्यात घराचा क्रमांक घालून ब्रेकने बाहेर पडावे आणि निकाल लूप संपल्यावरच छापावा, एवढे केले की काम होते. ते व्हेरिएबल प्रत्येक शोधाआधी पुन्हा उणे एक करणेही तितकेच आवश्यक आहे, कारण बोर्डावरचे मुख्य लूप फंक्शन (प्रोग्रामचा पुन्हा पुन्हा चालणारा भाग) अखंड फिरत असते आणि मागच्या शोधाचा निकाल तसाच राहिला, तर पुढचा प्रत्येक आकडा ‘सापडला’ असेच दिसते.

एवढे सुधारल्यावरही प्रत्येक शोधानंतर सुमारे एका सेकंदाने शून्याचा शोध आपोआप होऊ लागला, आणि यात माझी एक संपूर्ण संध्याकाळ गेली. सिरियल मॉनिटर आकड्यामागे नवीन ओळीचे चिन्ह पाठवत होता. पार्सइंट ही आकडा वाचणारी आज्ञा आकडा वाचून थांबे, ते चिन्ह शिल्लक राही आणि पुढच्या फेरीत पार्सइंट ठरलेले एक सेकंद वाट पाहून शून्य परत देई. मॉनिटरच्या खिडकीत ‘नो लाइन एंडिंग’ निवडताच हा त्रास थांबला. पुस्तिकेत या पर्यायाचे चित्र आहे, स्पष्टीकरण नाही.

साइझऑफ या मेमरीतली जागा मोजणाऱ्या आज्ञेविषयीचा परिच्छेद तर सरळ दिशाभूल करणारा आहे. ‘साइझऑफ ॲरेचा आकार देतो’ असे लिहून पुस्तिका पुढच्या विषयाकडे वळते, पण तो आकार बाइटमध्ये असतो. या बोर्डावर इंट, म्हणजे पूर्णांक, दोन बाइटचा असल्याने दहा घरांसाठी उत्तर २० येते आणि लूप ॲरेबाहेरची आणखी दहा घरे वाचत सुटतो. कंपायलर, म्हणजे प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारे साधन, अशा लूपला सहसा अडवत नाही. त्या जागी मेमरीत जे काही असेल ते लूप वाचतो आणि ॲरेत नसलेला आकडाही योगायोगाने ‘सापडू’ शकतो. उपाय म्हणून एका घराच्या आकाराने भागल्यावर १० हे योग्य उत्तर मिळाले, पण हाच हिशेब शोधाच्या वेगळ्या फंक्शनमध्ये नेला तेव्हा फक्त पहिलेच घर तपासले जाऊ लागले. फंक्शनला ॲरे पाठवला की तिथे केवळ त्याचा पत्ता पोहोचतो, त्या पत्त्याचा आकार दोन बाइट असतो आणि दोनाला दोनाने भागले की एकच उरतो. म्हणून घरांची संख्या फंक्शनला वेगळी पाठवावी लागते.

मेमरीचे प्रकरण मात्र मनापासून आवडले. बोर्डाची रॅम फक्त २०४८ बाइट असते आणि हजार इंटांचा ॲरे त्यातले २००० बाइट एकटाच खातो, हे तिथे फार चांगले समजावले आहे. तीच काळजी शोधाच्या प्रकरणात घेतलेली दिसत नाही.

शेजारी विचारायला कोणी जाणकार असेल, तर हे किट जरूर घ्यावे. एकट्याने शिकणाऱ्याने लूपच्या प्रत्येक फेरीत घराचा क्रमांक आणि त्यातला आकडा छापून पाहावा. वरच्या बहुतेक चुका मला त्या दोन स्तंभांतच दिसल्या. सामानाला मी पाचपैकी पाच गुण देतो, पुस्तिकेला दोन. विक्रेत्याला दुरुस्तीचे टिपण पाठवले आहे, आणि माझ्या प्रतीत त्या पानावर सुधारलेला प्रोग्राम चिकटवून ठेवला आहे.