घरातील वाय-फाय दुरुस्तीची सेवा : सोलापुरातील अनुभव

जुळे सोलापुरातील आमच्या दुमजली घरात संध्याकाळ झाली की वाय-फाय वारंवार तुटत असे, आणि इंटरनेट कंपनीकडे तक्रार केल्यावर राउटर बंद करून पुन्हा चालू करण्यापलीकडे उपाय सांगितला जात नसे. शेवटी सात रस्ता परिसरातील एका संगणक दुरुस्तीच्या दुकानातून तंत्रज्ञ बोलावले आणि त्यांच्या कामाची पद्धत मनापासून आवडली. सेटिंगला हात लावण्याआधी त्यांनी लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून वेग मोजला. तो पूर्ण आणि अखंड मिळाल्यामुळे दोष बाहेरच्या फायबरमध्ये नसून घरातल्या वायरलेस भागात आहे, हे स्पष्ट झाले. मग मोबाइलवरच्या अॅपमध्ये त्यांनी शेजारपाजारची नेटवर्क दाखवली. बहुतेक सगळी 2.4 गिगाहर्ट्झ या वाय-फायच्या रेडिओ लहरींच्या पट्ट्यातील 6 क्रमांकाच्या चॅनेलवर, म्हणजे त्या पट्ट्याच्या एकाच भागात, दाटली होती, आमचेही तिथेच. या पट्ट्यात 1, 6 आणि 11 हे चॅनेल एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून त्यांनी 11 निवडला आणि लोखंडी कपाटामागचा राउटर जिन्याजवळ उंचावर बसवला. टीव्ही 5 गिगाहर्ट्झवर घेतला. हा पट्टा वेगवान असला तरी भिंतींपलीकडे लवकर क्षीण होतो, त्यामुळे वरच्या खोलीसाठी 2.4 च ठेवला. नवा राउटर गळ्यात मारण्याचा प्रयत्न झाला नाही, याचे मला विशेष मोल वाटते. तक्रार एकच आहे: सकाळची वेळ देऊन ते दुपारी आले आणि उशिराची पूर्वकल्पना मात्र दिली नाही.