वायरलेस सोनी आणि वायरवाला ऑडिओ-टेक्निका : सोलापूरचा उन्हाळा काढल्यानंतर

दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेल्या दोन हेडफोनांनी आता अख्खा उन्हाळा काढलाय, म्हणून लिहायला बसले. एक सोनीचा डब्ल्यूएच-सीएच७२०एन, ब्लूटूथचा, नॉइज कॅन्सलेशनवाला. दुसरा ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम४०एक्स, वायरचा, रेकॉर्डिंगवाले मॉनिटरिंगला वापरतात तसला. दोन्ही मला दहा हजारांच्या आतबाहेरच पडले. घेण्याआधी रिव्ह्यू भरपूर वाचले, पण पारा ४२ वर गेलेला, बाजूला कूलर आणि भिंतीपलीकडे कापड विणायचे माग, अशात यांचं काय होतं ते कुणी लिहिलेलं नव्हतं.

माझं काम चादरी-टॉवेलच्या जकार्ड डिझाइनचं, म्हणजे विणतानाच उमटणाऱ्या नक्षीचं. सोलापूरच्या पूर्व भागात, मागांच्या वस्तीत घर, त्यामुळे दिवसभर कॉम्प्युटर आणि दिवसभर मागांचा आवाज. कानात गाणं लागतंच.

आधी नॉइज कॅन्सलेशनचं बघू. हेडफोनवरचे माइक बाहेरचा आवाज पकडतात आणि त्याच्या बरोबर उलटी लहर आत सोडून तो मारतात. सलग, खालच्या पट्टीतल्या आवाजावर हे फार छान चालतं. बटण दाबलं की कूलरची घरघर एकदम नाहीशी होते, पाणी ठिबकल्याचं तेवढं ऐकू येतं. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाताना डब्याची घुमघुमही तशीच जाते. मागांचं मात्र वेगळं. कारखान्याची खालची घरघर बरीच कमी होते, पण धोटा (आडवा धागा इकडून तिकडे नेणारा मागाचा भाग) आपटल्याची खट्ट, ती येतेच. इतक्या झटक्यात येणारा तीव्र आवाज मारणं या तंत्राला जमत नाही, तिथे पॅडची जाडी आणि कानाभोवतीची पकड कामाला येते. त्यामुळे नुसत्या धोट्याच्या आवाजापुरतं बघितलं तर बॅटरी-बिटरी काही नसलेला एम४०एक्स मला सोनीच्या बरोबरीचा वाटला. ज्यांच्या घराला माग चिकटून आहेत त्यांनी नॉइज कॅन्सलेशन लावलं की सगळं शांत होईल या आशेवर पैसे घालू नयेत.

तरी सोनीचा एक फायदा मला मोठा वाटतो. बाहेरचा गोंगाट दाबायला आपण नकळत आवाज वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे, आणि माझ्यासारखीचे कामाचेच तास तेवढे होतात. कूलर गायब झाला की मी फोनचा आवाज निम्म्याच्या खाली ठेवू शकते.

आता गाणं. इथे एम४०एक्स सरळ पुढे. रात्री माग थांबल्यावर ख्याल लावला की तंबोऱ्याच्या चारही तारा सुट्या ऐकू येतात, जवारीची, म्हणजे तार घोडीला घासून उठणारी ती बारीक झिणझिण गायकाच्या आवाजामागे सतत टिकून राहते. डग्ग्याचा घुमारा येतो पण पसरत नाही. सोनीवर तोच डग्गा जरा फुगतो आणि तंबोरा एकसंध गुंजन होऊन मागे जातो. ॲपमधल्या इक्वलायझरने खालची पट्टी उतरवली की बराच फरक पडतो, हे आवर्जून करा. ब्लूटूथवरून आवाज पाठवायच्या पद्धतींपैकी जास्त बारकावे नेणारी एलडॅक सोनीत नाही, साध्या एसबीसी आणि एएसी आहेत, पण मागांच्या शेजारी बसून तो फरक कुणाला कळणार? नव्या सिनेगीतांना आणि पॉडकास्टला सोनी उत्तमच. मुलगी कीबोर्डवर सराव करते तेव्हा मात्र वायरच हवी, ब्लूटूथवर सूर बोटांच्या मागून येतो.

घालण्याचा आराम हा आमच्याकडचा खरा प्रश्न. वजन सोनीचं १९२ ग्रॅम, एम४०एक्सचं २४०. फरक कागदावर किरकोळ, पण दुपारी तीनला मान सांगते. पकडही एम४०एक्सची घट्ट आहे, चष्म्याची काडी कानामागे रुतते. आणि गरमी दोन्हींत. बंद कपाचा, रेग्झिनसारख्या पॅडचा कुठलाही हेडफोन एप्रिल-मेमध्ये कानाभोवती घामाचं कडं करतोच. सासूबाईंनी टेरी टॉवेलच्या तुकड्यातून पॅडला खोळी शिवून दिल्या. घाम टिपायला एकदम झकास, पण कापड आणि कान यांत फट राहते, खालचे सूर तिथून निसटतात आणि डग्गा पातळ होतो. नॉइज कॅन्सलेशनही ढिलं पडतं. म्हणून दुपारी कामाच्या वेळी सोनीवर खोळी, रात्री ऐकायला एम४०एक्स उघड्या पॅडने, असं ठरून गेलंय. खोळ पातळ सुती कापडाची केली तर आवाज कमी बिघडतो.

मागून उघड्या कपाचे हेडफोन हवेशीर असतात, एका मैत्रिणीकडे ऐकले, आवाज मोकळा आणि सुंदर. पण उन्हाळ्यात कूलर लावायचाच, आणि त्या कपातून कूलर सरळ आत येतो.

फोनवर बोलायला सोनी चांगला. कूलरच्या झोतात बसू नका एवढंच, माइकवर वारा आदळून पलीकडच्याला फरफर ऐकू जाते. चार्जिंग आठवड्यातून एकदा-दोनदा, कंपनी नॉइज कॅन्सलेशन चालू ठेवून ३५ तास सांगते.

पैशांचा हिशोब मी टिकण्यावर करते. याआधी हजारभर रुपयांचा एक घेतला होता, त्याच्या पॅडचे पोपडे वर्षाच्या आत कानाला चिकटायला लागले आणि वायर बदलायची सोयच नव्हती. एम४०एक्सची वायर काढता येते, पॅड बदलता येतात, त्यामुळे तो मी बरीच वर्षं धरून चालते. सोनीत बॅटरी आहे आणि लिथियम बॅटरीला उष्णता मानवत नाही. गाडीच्या डिक्कीत ठेवून बाजारात जाऊ नका, उन्हात ती डिक्की तापते केवढी! एकच घ्यायचा असेल आणि दिवसभर कूलरखाली काम असेल तर सोनी घ्या. संध्याकाळी बसून मन लावून ऐकणाऱ्याने एम४०एक्स घ्यावा, आणि बऱ्याच नवीन फोनना हेडफोनचं भोक नसतं, तेव्हा टाइप-सीचा कनेक्टर सोबतच घ्यावा. दुकानात ट्रायलला मिळाला तर चष्म्यासकट वीसेक मिनिटं डोक्यावर ठेवून बघा, दोन मिनिटांत सगळेच मऊ लागतात.