ऑनलाइन तबला: थेट तास की रेकॉर्डिंगची देवाणघेवाण?

तबला ऑनलाइन शिकवायचा ठरवला की दोन वाटा समोर येतात. व्हिडिओ कॉलवर थेट तास घ्यायचा, नाहीतर विद्यार्थ्याने रियाज रेकॉर्ड करून पाठवायचा आणि आपण दुरुस्त्या कळवायच्या.

हाताची ठेवण शिकवायला थेट तासच बरा. 'ना' या बोलाला अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेला टेकत नाही, डग्ग्यावरचं (डाव्या हाताच्या मोठ्या वाद्यावरचं) मनगट उचललं जातंय, हे तिथल्या तिथे सांगता येतं. एरवी चुकीचा हात आठवडाभर घोटला जातो. म्हणून नवख्याचे पहिले तीन-चार महिने थेटच घ्यावेत. झूमवर 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' मात्र सुरू हवंच. नाहीतर डग्ग्याचा घुमारा गोंगाट समजून कापला जातो आणि 'घे'चा 'के' ऐकू येतो.

घोडं अडतं ते लेहऱ्यापाशी, म्हणजे तबल्यामागे सतत फिरत राहणाऱ्या, ताल दाखवणाऱ्या सुरावटीपाशी. आवाज जाऊन परत यायला पाव सेकंद धरा. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत मात्रा अर्ध्या सेकंदाची. लेहरा आपल्याकडे लावला, तर विद्यार्थी बरोबर समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येऊनही आपल्याला अर्धी मात्रा मागे ऐकू येतो. त्याला सांभाळून घ्यायला आपण ठेका धरला की लय उतरतच जाते. लेहरा त्याच्याकडे लावला तर दोन्ही आवाज एकत्र येतात, ताळमेळ नीट कळतो. पण मग आपल्याला त्याच्यासोबत टाळीही देता येत नाही. म्हणजे ऐकायचं ते रेकॉर्डिंगच, तेही कमी प्रतीचं. माझ्यापुरता निर्णय इथेच झाला: हात बसला की पुढे रेकॉर्डिंगच.

रेकॉर्डिंगसाठी मोबाइल उजवीकडून, थोडा वरून, तीनेक फुटांवर ठेवायला सांगावा. दोन्ही पुड्या (तबला आणि डग्ग्याची चामड्याची तोंडं) चौकटीत हव्यात. लेहरा दुसऱ्या फोनवर. आधी टाळी-खाली दाखवत पढंत (बोल तोंडाने म्हणणं), मग कायदा (ठरावीक बोलांची रचना) ठाय म्हणजे मूळ लयीत आणि दुगुन म्हणजे दुप्पट लयीत, सगळं तीन मिनिटांत, मध्ये न कापता. सेकंदाला साठ फ्रेमने चित्रण केलं आणि व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलं, तर निम्म्या वेगात 'तिरकिट'चं बोट न् बोट दिसतं. उत्तरात मिनिट-सेकंद लिहावेत: '1:12ला ति दबतोय'. तीन मिनिटांच्या तुकड्याला आपली पंधरा मिनिटं सहज जातात, हे फी ठरवताना धरावं.

परदेशातल्या विद्यार्थ्यांना तर हे जास्तच सोयीचं. न्यू जर्सीत उन्हाळ्यात संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेचार असतात. त्यांच्यासाठी पंधरवड्यातून अर्धा तास थेट ठेवावा, तो बैठक तपासायला आणि नव्या कायद्याची पढंत द्यायला. लेहरा त्यात लावूच नये.