ऐच्छिक फिल्टर: एकच क्वेरी की जोडत नेलेली?

भाड्याच्या खोल्यांच्या म्हापशातल्या एका साइटचा शोध लिहीत होतो. तालुका, कमाल भाडं, एसी, पार्किंग... ग्राहक यातलं काहीही भरेल, किंवा काहीच नाही.

पहिला मार्ग म्हणजे एकच क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न. प्रत्येक अट अशी: ‘मागितलेला तालुका नल (रिकामा) आहे किंवा तालुका जुळतो’. वाचायला सोपी, सगळं एका जागी. खोच प्लॅनमध्ये आहे, म्हणजे डेटा कसा शोधायचा हे डेटाबेस ठरवतो त्यात. साठवलेला प्लॅन भरलेल्या आणि रिकाम्या, दोन्ही शक्यतांना चालावा लागतो. मग इंडेक्स (शोधायची सूची) असूनही अख्खं टेबल चाळलं जाऊ शकतं. पोस्टग्रेस हा डेटाबेस प्रिपेअर्ड (एकदा तयार करून पुन्हा पुन्हा वापरायच्या) क्वेरीला पहिल्या ५ वेळी दिलेल्या व्हॅल्यू पाहून प्लॅन करतो. पुढे सर्वसाधारण, म्हणजे कुठल्याही व्हॅल्यूला चालणारा प्लॅन महाग वाटला नाही, तर तोच धरून बसतो. म्हणजे चाचणीत पळालेली क्वेरी नंतर रांगू लागते, आणि आपण नेटवर्कला शिव्या घालतो. एसक्यूएल सर्व्हर या दुसऱ्या डेटाबेसमध्ये रिकम्पाइलचा (प्लॅन नव्याने बनवण्याचा) पर्याय जोडता येतो, पण दर वेळी प्लॅन बनवण्याचा खर्च पडतो.

दुसरा मार्ग: भरलेल्याच अटी जोडायच्या. पेडण्यातली एसी खोली मागितली, तर दोनच अटी जातात. पुढच्या अटी जोडता याव्यात म्हणून सुरुवातीला घातलेली, नेहमी खरी असलेली ‘व्हेअर १=१’ ही अट ओंगळ दिसते, दिसू दे. मात्र व्हॅल्यू पॅरामीटरनेच, म्हणजे क्वेरीपासून वेगळी द्यायची, क्वेरीच्या मजकुरात चिकटवायची नाही. क्रमवारीच्या कॉलमचं नाव पॅरामीटरने जात नाही, ते ठरलेल्या यादीतूनच घ्यावं. ६ फिल्टर, प्रत्येक भरलेला किंवा रिकामा, म्हणजे ६४ शक्यता. सगळ्या कोण तपासतो?

खोल्या शेदोनशे असत्या तर पहिलाच घेतला असता. मी दुसरा घेतला.