कोकणातल्या पावसात इन्सुलिन पंप: सगळं अडतं ते चिकटपट्टीवर

मागच्या आठवड्यात लेकीच्या दंडावरचा साखर मोजणारा सेन्सर पुन्हा मुदतीआधीच निघाला. रेनकोटच्या आत घामाने दंड भिजला, वरून दप्तराचा पट्टा घासला आणि सेन्सर बाहीत लोंबकळत घरी आला. एकदा निघालेला सेन्सर परत बसवता येत नाही, म्हणजे पैसे पाण्यात. कस्टमर केअरला फोन केला तर उत्तर आलं, "मॅडम, सेन्सरमध्ये बिघाड असेल तर बदलून देऊ. चिकटपट्टी सुटली तर ते त्यात बसत नाही." तेव्हापासून माझं डोकं फिरलंय, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आम्ही रत्नागिरीचे. मुलगी आठवीत, तिला टाइप वन डायबेटिस, म्हणजे इन्सुलिन बाहेरूनच द्यावं लागतं. पंपावर आंब्याचा मोसम काढला आणि आता पावसाळाही संपत आलाय. बेसल, बोलस, ऑटो मोड म्हणजे काय ते सांगत बसत नाही, पंपाचा विचार करणाऱ्यांना ते डॉक्टरांनी समजावलेलं असतंच. चिकटपट्टीबद्दल मात्र विकत घेताना कोणी चकार शब्द काढत नाही.

सेन्सरची बारीक तार कातडीखालच्या द्रवातली साखर मोजते, दर 5 मिनिटांनी आकडा पंपाकडे जातो आणि पंप आपणहून इन्सुलिन कमी-जास्त करतो, हाच ऑटो मोड. ही एवढी हुशारी टिकून आहे दोन पट्ट्यांवर, एक सेन्सरची आणि एक कॅन्युलाची, म्हणजे ज्या बारीक नळीतून इन्सुलिन कातडीखाली जातं तिची. सेन्सर सुटला की ऑटो मोड बंद. मग नवा सेन्सर लावून तो सुरू होईपर्यंत बोटं टोचत बसा. जून ते सप्टेंबर आमच्याकडे भिंतींना ओल असते, दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. असल्या हवेत ती पट्टी कडेने पांढरी पडते, मग तिला सुरकुती येते आणि एका कोपऱ्यातून ती उचलायला लागते. तो कोपरा उचलला की माझ्या पोटात गोळा येतो.

सेन्सर पडला तर नुकसान पैशाचं. कॅन्युलाची पट्टी सुटली तर प्रकरण जिवावर बेतू शकतं, आणि हे प्रत्येक पालकाला माहीत हवं. नळीत अडथळा आला तर दाब वाढतो आणि पंप अलार्म देतो. पण कॅन्युला अर्धवट बाहेर सरकली तर इन्सुलिन पट्टीखाली झिरपत राहतं. दाब वाढतच नाही, त्यामुळे पंपाच्या लेखी डोस गेलेला असतो. एका संध्याकाळी लेकीची साखर 300 च्या वर जाऊन बसली. पंप डोसवर डोस देतोय आणि आकडा हलायचं नाव घेत नाही. मी पट्टीजवळ नाक नेलं तर दवाखान्यात येतो तसा उग्र वास. इन्सुलिन टिकावं म्हणून त्यात मेटाक्रेसोल किंवा फिनॉल घालतात, त्याचा तो वास. पट्टीला बोट लावलं तर ओलसर. पंपात फक्त झटपट काम करणारं इन्सुलिन असतं, लांब पल्ल्याचं इन्सुलिन अंगात नसतं. त्यामुळे पुरवठा तुटला की काही तासांत रक्तात कीटोन, म्हणजे इन्सुलिनअभावी चरबी जळून होणारी आम्लं, चढायला लागतात. डॉक्टरांनी सांगून ठेवल्याप्रमाणे इन्सुलिन पेनने इंजेक्शन दिलं, कीटोन तपासले, कॅन्युला आणि नळीचा सेट बदलला आणि साखर उतरेपर्यंत तिच्याजवळ बसून राहिले.

त्यानंतर बरेच दिवस मी भेटेल त्याला सांगायचे, कोकणात पंप घेऊ नका. आता तसं सांगत नाही. त्याची कारणं दोन.

पहिलं कारण, रात्र. पूर्वी मी दोन वाजता उठायची, परत चारला उठायची, झोपेतच तिचं बोट धरून टोचायची. आता साखर खाली यायला लागली की पंप आधीच इन्सुलिन आवरतं घेतो. सकाळी उठून मोबाइलवर रात्रीचा आलेख बघते तेव्हा रेष सपाट असते, आणि ती रेष बघून मला आजही भरून येतं. दिवसभरात साखर 70 ते 180 मध्ये राहण्याचं प्रमाण 70 टक्क्यांच्या वर हवं असं डॉक्टर म्हणतात. इंजेक्शनवर असताना आमचं निम्म्यालाही पोचायचं नाही, आता बहुतेक आठवडे सत्तरी ओलांडते. कधीकधी ती दंड अंगाखाली दाबून झोपते, तेव्हा सेन्सर उगाच कमी आकडा दाखवून अलार्म वाजवतो. अशा वेळी कूस बदलायला लावायची आणि साखर भरवण्याआधी ग्लुकोमीटरने खात्री करायची.

दुसरं कारण आमच्या डायबेटिस एज्युकेटर ताई. त्यांनी सांगितलं, पट्टी घट्ट धरावी म्हणून टिंक्चर बेंझॉइन आणा, ते कातडीवर लावायचं चिकट औषध. साध्या मेडिकलमध्ये मिळतं, किंमत किरकोळ. आधी हातावर थोडं लावून बघायचं, कारण काहींना पुरळ येतं. मग जागा साबणाने धुवायची, स्पिरिटने पुसायची, पंख्याखाली पूर्ण वाळू द्यायची. खोबरेल आणि पावडर त्या जागेच्या आसपासही नको. टिंक्चर फक्त कडेने गोल लावायचं, सुई जाते तिथे नाही. ते चिकट झालं की सेन्सर लावायचा आणि तळहाताच्या उबेने पट्टी नीट दाबायची. वरून खेळाडू गुडघ्याला लावतात ती किनेसिओलॉजी टेप, मध्ये भोक पाडून आणि कोपरे गोल कापून. मायक्रोपोरची कागदी पट्टी आमच्या हवेत टिकत नाही. हे सुरू केल्यापासून बहुतेक सेन्सर मुदत पूर्ण करतात. मागच्या आठवड्यातला पडला, पण त्याआधीचे लागोपाठ टिकले होते.

म्हणूनच कंपनीवर माझा राग जास्त आहे. मेडिकलमधल्या एका बाटलीने जे साधतं ते त्यांनी सेन्सरच्या खोक्यातच द्यायला काय हरकत होती? दमट हवेच्या देशात माल विकता, तर चिकटणं हा मशीनचाच भाग धरायला हवा. आता मी सुटलेल्या प्रत्येक पट्टीचा फोटो काढते, लॉट नंबर आणि तारीख लिहून ईमेल करते. फोनवरच्या तक्रारीचा काही माग राहत नाही. ईमेलनंतर एक सेन्सर बदलून आला. मागच्या आठवड्यातल्याचं उत्तर अजून यायचंय.

जेवणाचं थोडक्यात. जेवणातले कार्ब, म्हणजे कार्बोहायड्रेट, मोजल्याशिवाय पंप काही जादू करत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे 2017 चे तक्ते आहेत, पण त्यात बहुतांश कच्च्या पदार्थांचे आकडे. म्हणून मी भाकरीचं पीठ आणि भाताचे तांदूळ शिजवण्याआधीच वजन करते. उकडीच्या मोदकांचाही हिशेब असाच केला, आणि गणपतीत तिने पोटभर खाल्ले.

पंप असला तरी पेन आणि सुया घरात हव्यातच. सिरिंज ठेवत असाल तर नीट बघून घ्या. आपल्याकडे दर मिलीलिटरला 40 युनिटची कुपी आणि तिची लाल टोपणाची सिरिंज सर्रास मिळते. पंपातलं इन्सुलिन मात्र मिलीलिटरला 100 युनिटचं. ते लाल टोपणाच्या सिरिंजने ओढलं तर त्याच खुणेला अडीचपट डोस जातो. मी लाल टोपणाच्या सगळ्या सिरिंज घरातून काढून टाकल्यात आणि सासूबाईंनाही दाखवून ठेवलंय.

घ्यावा का? पंपाच्या किमतीकडे बघून ठरवू नका. ती एकदाच द्यायची असते, कसंही करून जमते. सेन्सर, सेट आणि रिझर्व्हायर, म्हणजे पंपातली इन्सुलिन भरायची कुपी, दर महिन्याला लागतात आणि आमच्या मेडिक्लेममध्ये त्यातलं काही बसत नाही. वर्षभराच्या सामानाचा भाव आधी काढा, आणि पट्टी सुटली तर सेन्सर बदलून मिळेल का ते पैसे देण्याआधी लेखी घ्या. वर्षाचं गणित बसत नसेल तर पेन, ग्लुकोमीटर आणि डॉक्टरांच्या भेटीआधी अधूनमधून एखादा सेन्सर, असंही चांगलं चालतं. आम्ही पंप चालूच ठेवणार आहोत. यंदाची माझी भिशी सेन्सरसाठीच लावली आहे.