चालू वर्ग थेट प्रशिक्षणात: व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचा वर्षभराचा अनुभव

आमच्या छात्राध्यापकांना, म्हणजे शिक्षक होण्याचं प्रशिक्षण घेणाऱ्यांना, चालू वर्गाचं निरीक्षण व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवरून द्यायला लागून आता बरेच महिने झाले. तज्ज्ञांची व्याख्यानं ऐकवण्यासाठी हे साधन घेणार असाल तर फारसं काही हाती लागणार नाही, कारण व्याख्यान रेकॉर्ड केलेलंही चालतं. खरा फायदा आहे तो चालू तास पाहण्यात, आणि तास संपल्या संपल्या त्याच शिक्षकाला "तुम्ही असं का केलंत?" हे विचारता येण्यात.

सूक्ष्म अध्यापन, म्हणजे एकेका कौशल्याच्या सरावासाठी छोट्या गटापुढे घेतलेला काही मिनिटांचा पाठ, आपण सगळेच करून घेतो. १९६० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि सहकाऱ्यांनी ते विकसित केलं. पण बहुतेक ठिकाणी त्यात विद्यार्थी म्हणून सहाध्यायीच बसतात, आणि नऊ वर्षांच्या मुलासारखं चुकणं मोठ्यांना काही जमत नाही. थेट वर्गात ते आपोआप घडतं. अपूर्णांकांच्या एका तासाला एक मुलगा ठामपणे म्हणाला, "एक अष्टमांश मोठा, कारण आठ चारपेक्षा मोठे." आमच्याकडे सगळ्यांना वाटलं, आता बाई फळ्यावर दुरुस्त करतील. त्यांनी त्याच्या हातात दोन सारख्या कागदी पट्ट्या दिल्या आणि "घडी घालून दाखव" एवढंच म्हणाल्या. नंतरच्या चर्चेत आमच्या एका छात्राध्यापिकेने विचारलं, "मॅडम, लगेच का नाही सांगितलंत?" उत्तर आलं, "मी सांगितलं असतं तर त्याने ऐकलं असतं. पण आठ मोठे हे त्याच्या डोक्यात तसंच राहिलं असतं." पाठ टाचणाच्या (तासाच्या लेखी आराखड्याच्या) रकान्यांत हे कुठे लिहायचं, यावर पुढे बराच वेळ वाद झाला. असे वाद मला हवेच आहेत.

आता आवाजाबद्दल, कारण सगळं तिथेच अडतं. चित्र थोडं धूसर असलं तरी चालतं, आवाज गेला की तास गेला. गोंगाट दाबण्याची सोय बहुतेक ॲपमध्ये आपोआप चालू असते, आणि गटकार्यात मुलं आपसात बोलतात ते ती गोंगाट समजून गाळते. म्हणजे जे ऐकायला आपण आलो, नेमकं तेच जातं! सुरुवातीचे काही तास आम्हाला फक्त शिक्षिकेचाच आवाज ऐकू येत होता. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' (आवाज न गाळता पाठवण्याची सोय) चालू केल्यावर आणि दुसरा फोन एका गटाच्या मधोमध ठेवल्यावर मुलांचं बोलणं कळू लागलं. हा दुसरा फोनही मीटिंगमध्येच असतो, म्हणून दोन्हींपैकी एकाच उपकरणाचा माइक आणि स्पीकर चालू ठेवायचा, नाहीतर आवाज घुमतो.

निरीक्षणाचं काम वाटून दिलं की छात्राध्यापक जागे राहतात. कुणी फक्त प्रश्न टिपायचे, कुणी एकाच बाकावर नजर ठेवायची, कुणी प्रश्नानंतर शिक्षिका किती थांबते ते मोजायचं. अमेरिकेतल्या विज्ञान शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवलं होतं की शिक्षक साधारण एक सेकंदच थांबतात, आणि तीन सेकंद थांबलं की मुलांची उत्तरं लांबतात. ही मोजणी व्हिडिओवरूनही नीट होते, कारण प्रश्न आणि उत्तर दोन्ही सारख्याच उशिराने पोहोचतात. जोडणी अडखळली तर मात्र ती नोंद सोडून द्यायची. चर्चेच्या वेळी तोच उशीर त्रास देतो, लोक एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात. हात वर करण्याची खूण सक्तीची केल्यापासून हे थांबलं.

पालकांची लेखी संमती आधी घ्या, रेकॉर्डिंग शक्यतो टाळा, मुलांची नावं पडद्यावर दिसू देऊ नका. यात तडजोड नको.

उणिवाही आहेत. कॅमेरा दाखवेल तेवढंच दिसतं. वहीत मूल काय लिहितंय ते दिसत नाही, मागच्या रांगेत कोण हरवलंय तेही नाही. म्हणून शाळेतल्या सराव पाठांचे दिवस यासाठी कमी करू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

नव्याने सुरू करणार असाल तर वेगवेगळ्या शिक्षकांचे सुटे आदर्श पाठ दाखवण्यापेक्षा एकाच वर्गाचा अभ्यासक्रमातला एक घटक पहिल्या तासापासून चाचणीपर्यंत सलग पाहा. आम्ही तसं केलं तेव्हा मधल्या एका तासाला फसलेली कृती शिक्षिकेने दुसऱ्या दिवशी कशी बदलली, कुठला प्रश्न काढून टाकला आणि कुठल्या मुलाला आधी बोलू दिलं, हे छात्राध्यापकांना बघायला मिळालं.